बाजार आपला, जागा कोणाची?

हैदराबादेतील हिमायतनगरचे दुकानदार असोत वा आमच्या म्हापशाचे, त्यांनी संगणकजालावर सामाईक बाजारपेठ उभारावयाची ठरविली, तर पहिला प्रश्न उभा राहील तो सॉफ्टवेअरच्या निवडीचा. तो केवळ किमतीवर सोडवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘मॅजेंटो’ या प्रणालीवर असंख्य दुकाने थाटली गेली. तिच्या पहिल्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२० रोजी संपला. नव्या आवृत्तीत जाणे ही डागडुजी नव्हती, जवळजवळ पुनर्बांधणीच होती. ‘शॉपिफाय’ सोपी खरी. पण मासिक भाड्याच्या जागेचे नियम मालकच ठरवितो. ‘वूकॉमर्स’ मोफत आहे. (अनेक विक्रेत्यांसाठी तिला जोडावयाच्या ‘दोकान’चे तर नावही ओळखीचे!) मात्र तिची निगा राखणारा माणूस मोफत मिळत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील विक्रेतीने जागा बदलली, तरी गिऱ्हाइके तिला शोधीत जातात. येथे गिऱ्हाइकांची यादी आणि हिशेब प्रणालीतच अडकून पडण्याचा धोका असतो. सोडून जाताना ते आपल्या हाती परत मिळतील काय, हे दुकानदारांनी करारापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. त्याची सोय प्रणालीत आहे काय, हेही तेव्हाच पाहावे.