विटा तितक्याच, पेंढा बंद

बायबलचा अर्थ कोणी सांगायचा? पाद्रीबुवांनी? की ग्रीक-हिब्रू घोटून आलेल्या प्राध्यापकांनी? मी मॅट्रिक. भंडारा जिल्ह्यातला, पोटासाठी मुंबईच्या गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. ख्रिस्ती नाही. तरी हे पुस्तक वाचतो आणि त्याचा अर्थ लावायचा हक्क सांगतो. पोथी ऐकली तर कानात शिसं ओता, असं लिहून ठेवलेल्या देशात आम्ही कुठलीच पोथी बंद ठेवणार नाही.

आणि मराठीत बायबल कोरं कधी आलंच नाही. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सनं 'ख्रिस्तपुराण' काढलं. दहा हजारांवर ओव्या, येशू थेट पुराणात बसवला. नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून येशूकडे गेले. गोड लिहिलं त्यांनी, पण त्यांच्या येशूच्या हाताला मला घट्टे दिसत नाहीत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावात सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. ते १९२४ साली, त्या गेल्यावर निघालं. अडाणी बाईला कळावं, हा त्यांचा हट्ट मला टिळकांच्या भक्तीपेक्षा मोठा वाटतो. आणि जोतिबा? त्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त येशूला बळीराजाच्या रांगेत उभा केला. एक पाताळात दडपलेला, एक क्रुसावर ठोकलेला. याला म्हणतात अर्थ लावणं!

आता निर्गम, अध्याय पाचवा. मोशे फारोकडं सुट्टी मागतो. तीन दिवस रानात जाऊन देवाचं करायचं आहे. फारो म्हणतो, आळशी आहेत साले. विटांसाठी पेंढा देणं बंद. पेंढा तुम्हीच गोळा करा, विटा मात्र तितक्याच. भरल्या नाहीत की इस्राएली मुकादमांना मार.

प्रवचनात इथं श्रद्धेची परीक्षा सांगतात. मी हा अध्याय मायला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे तं आमचंच होय ना बाप्पा!" ठेकेदार हजार विड्यांचा पाला दिला म्हणतो, पानं फाटकी, किडकी, हजार भरत नाहीत. पदरच्या पैशानं पाला घ्या, विड्या हजारच द्या. वर छाट निघते ती वेगळी. छाटलेल्या विड्या त्याच्या, मजुरी कापली हिची. विडी कामगारांचा कायदा १९६६ साली झाला. कायदा दिल्लीत, सूप मायच्या मांडीवर.

मग तिनं विचारलं, "मार बसलेल्या मुकादमायनं काय केलं?" फारोपुढं रडले, आणि येताना मोशेवरच उखडले. माय हसली. युनियन काढणाऱ्यावर उखडणारा मुकादम तिनं पाहिलेला आहे. कुठल्या भाष्यकारानं पाहिलाय?

अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अशा वाचनाला तोंड फोडलं. पुढं त्याचं दलित धर्मशास्त्र झालं. बरं झालं. पण एक अडतं. इजिप्तातून सुटलेले हेच लोक पुढं कनानींची जमीन घेतात, तीही देवाच्या हुकमानं. आमच्याकडच्या गोंडानं ते वाचलं तर त्याला मोशे दिसेल की जंगल खात्याचा साहेब?

सरकारही बायबलचा अर्थ लावतं बरं का. १९५०च्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती झालेला महार-मांग बाहेर. का, तर त्या धर्मात जात नाही. पुस्तकात नाही, कबूल. गल्लीत?

मला स्वतःला जवळचे वाटतात मत्तयाच्या विसाव्या अध्यायातले मजूर. दिवस बुडायला तासभर उरलेला, आणि मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. पाद्री यात देवाची कृपा दाखवतात. गोदीच्या गेटावर बदलीसाठी ताटकळणाऱ्याला आधी ते उभे राहिलेले पाय दिसतात. त्यांनाही पूर्ण रोजी मिळते. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात, तेही मला कळतं. आमच्या पाळीत परवा ह्याच्यावरूनच भांडण जुंपलं होतं.