टॉवरमध्ये पापड कुठे वाळवायचे?

“हेमलकशात राहून तुला धारावीच्या टॉवरची काळजी कशाला गं?” जाऊबाई हसत म्हणाल्या. काळजी टॉवरची नाही, तिथल्या बायकांच्या कामाची आहे.

धारावीच्या पुनर्विकासासाठी 2019 मध्ये सेकलिंकने 7,200 कोटींची, तर अदानींनी सुमारे साडेचार हजार कोटींची बोली लावली. 2020 मध्ये ती निविदाच रद्द झाली. 2022 च्या नव्या निविदेत अदानींची 5,069 कोटींची बोली डीएलएफच्या 2,025 कोटींना वरचढ ठरली. चर्चा सगळी कोटींची!

तिथल्या कितीतरी बायका दारातच उपड्या टोपल्यांवर पापड वाळवतात. कुंभारवाड्यात घरापुढेच माती मळली जाते, भट्टी पेटते. पात्र कुटुंबाला 350 चौरस फुटांचं घर देण्याचं ठरलंय. घरातच संडास-बाथरूम, हे तर हवंच. सार्वजनिक संडासाच्या रांगेचा त्रास बाईलाच विचारा. पण विसाव्या मजल्यावर टोपली कुठे मांडायची?

आमच्याकडे माडिया बाई मोहफुलं अंगणात वाळवते. अंगण गेलं तर घर राहील, पण हातचे चार पैसे जातील. धारावीचंही तेच.

निविदा झाली, ठीक. आता निदान वाळवणाला गच्ची आणि कामाला तळमजल्यावर जागा आराखड्यात लिहून घ्यावी. तीही बायकांना विचारून.

आणि मैत्रिणींनो, आपल्या गावात घरकुल आलं, तर खोल्या मोजण्याआधी अंगणाचं विचारा!