मोफत शिक्षणाची कागदी फी

जून महिना उजाडला, की जिल्हा परिषदेच्या शाळांना तोरणे लागतात, पहिलीत येणाऱ्या मुलांच्या हाती फूल दिले जाते आणि वृत्तपत्रांतून प्रवेशोत्सवाची छायाचित्रे झळकतात. या समारंभाला हरकत घेण्याचे कारण नाही. लहान मुलाचे शाळेत कौतुक झाले तर ते चांगलेच. परंतु तोरणाच्या आत, मुख्याध्यापकांच्या टेबलापाशी, त्याच सकाळी दुसरा एक व्यवहार चालू असतो. त्याचे छायाचित्र कोणी घेत नाही. तेथे पालकाकडे फी मागितली जात नाही, कागद मागितले जातात. जन्माचा दाखला, आधीच्या शाळेचा दाखला, आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक. यांतला प्रत्येक कागद कोणत्या ना कोणत्या कचेरीतून आणावयाचा असतो, आणि कचेरी ज्या दिवशी उघडी असते त्याच दिवशी शेतावर मजुरीही मिळत असते. अर्थशास्त्राच्या एका जुन्या विद्यार्थ्याला हा व्यवहार फीचाच वाटतो. रोख घेतली नाही, दिवसांत घेतली, एवढाच फरक.

निवृत्तीनंतर मी मराठवाड्यातील माझ्या गावी राहावयास आलो, तेव्हा पालकांनी तेथील शाळा व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ म्हणून माझे नाव घातले. (तीस-बत्तीस वर्षे महाविद्यालयात सार्वजनिक आयव्यय शिकविणाऱ्या माणसाला पहिलीच्या वर्गाविषयी कोणते तज्ज्ञत्व असते, हा प्रश्न कोणी विचारला नाही, मीही काढला नाही.) समितीवर आल्यानंतरच्या पहिल्याच जुलैमध्ये एक आजी आठ वर्षांच्या नातीला घेऊन शाळेत आली. मुलीचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. आदल्या हंगामात त्यांनी मुलीला सोबत नेले होते आणि दूरच्या एका कारखान्याजवळच्या शाळेत तिचे नाव घातले होते. आता ती आजीपाशी राहणार होती. मुख्याध्यापकांनी सांगितले, की आधी त्या शाळेचा दाखला आणा. आजी थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, उद्या खुरपणी हाय. परवा आनला तर चालंल व्हय?" ती शाळा दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर होती, याची तिला कल्पना नसावी.

२०२३ च्या मार्चपासून महिलांना एस.टी.चे तिकीट निम्मे झाले, ही गोष्ट उत्तमच झाली. पण दिवस निम्मा झाला नाही. जाण्याचा एक, येण्याचा एक, आणि तिकडचे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले असले तर आणखी एक. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. त्या दराने तीन दिवसांचे ८९१ रुपये होतात. ज्या शाळेत दहा पैसेही फी नाही, त्या शाळेच्या दारात एका शेतमजूर म्हातारीला ही रक्कम मोजावी लागणार होती.

वास्तविक कायदा याच्या अगदी उलट आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम सांगते, की दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून सरकारी शाळेत प्रवेश लांबविता येत नाही की नाकारता येत नाही. उलट दाखला देण्यात दिरंगाई करणारा मुख्याध्यापकच शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. चौदाव्या कलमानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणाही बालकाला परत पाठविता येत नाही. जन्माचा दाखला नसेल तर अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकाने केलेले निवेदन चालते. आणि आधारविषयी सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्टच म्हटले आहे, की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे करता येणार नाही व त्याच्या अभावी कोणत्याही मुलाला योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही.

'सक्ती' या शब्दाचा इतिहासही येथे ध्यानात घेतला पाहिजे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदा संस्थानात ते सर्वत्र सक्तीचे व मोफत केले. गोखल्यांचे १९११ चे विधेयक पुढच्याच वर्षी सरकारी बहुमताने फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात कायदा केला, त्यात मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळात सक्ती पालकावर होती आणि तिच्यामागे मुलाच्या हिताची कळकळ होती. २००९ च्या कायद्याने हा अर्थ फिरविला. त्यात सक्ती म्हणजे शासनावरील बंधन, मुलाला शोधून काढून, प्रवेश देऊन, त्याची हजेरी व शिक्षण पूर्ण करून घेण्याचे बंधन, अशी व्याख्याच दिली आहे. पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्याला शिक्षा ठेवलेली नाही. शंभर वर्षांच्या चळवळीने मिळविलेला हा मोठा पालट आहे. शाळेच्या टेबलापाशी मात्र तो पुन्हा मूळ पदावर येतो.

याचा दोष गुरुजींच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. आमच्या मुख्याध्यापकांना कायदा ठाऊक होता. त्यांची अडचण संगणकाची होती. मुलीचे नाव शासनाच्या प्रणालीत त्या दूरच्या शाळेच्या पटावर होते. तेथून ते सोडले जात नाही तोवर आमच्या पटावर चढत नाही. मुलगी वर्गात बसली तरी सरकारच्या लेखी ती दुसरीकडेच असते. शिवाय अलीकडे शिक्षकांची पदे ठरविताना आधारशी जुळलेलेच विद्यार्थी मोजण्याचा प्रघात पडला आहे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टपासून तीन. समजा, पटावर ६३ मुले आहेत आणि त्यांपैकी पाच जणांच्या नावातील एखादे अक्षर आधारवरील अक्षराशी जुळत नाही. प्रणालीच्या दृष्टीने ५८ उरली. एक शिक्षक गेला. आणि तो त्या पाच मुलांचाच गेला असे नाही, त्रेसष्टांचा गेला. मग गुरुजींनी पाढे बाजूला ठेवून पालकांना नाव दुरुस्त करून आणण्यासाठी पिटाळले, तर ते स्वतःची जागा आणि शाळेचा एक वर्ग वाचवीत असतात, हे समजून घेतले पाहिजे.

गणवेशाची कथा तर आर्थिक नियोजनाच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगी आहे. २०१७-१८ साली असे ठरले, की गणवेश शाळेने न देता त्याचे पैसे मुलाच्या व आईच्या संयुक्त बँक खात्यात जमा करावेत, म्हणजे मधली गळती थांबेल. रक्कम दोन गणवेशांना मिळून वर्षाला ४०० रुपये. पालकांनी आधी पदरच्या पैशांनी कपडे घ्यावयाचे, पावती शाळेत द्यावयाची, मग पैसे मिळावयाचे. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी २०१ रुपये होती. म्हणजे पूर्ण दोन दिवसांची मजुरीसुद्धा नव्हे अशी रक्कम मिळविण्यासाठी आईने एक दिवस खाते उघडावयास, एक दिवस खरेदीला आणि पुढे एक दिवस पैसे आले का ते पाहावयास घालवावयाचा. काही ठिकाणी खात्यात किमान शिल्लक ठेवा म्हणूनही सांगण्यात आले. ज्या घरात चारशे रुपये आगाऊ घालण्याची ऐपत आहे, त्या घरालाच चारशे रुपयांची मदत, असा तो न्याय होता. ही योजना पुढे मागे घेतली गेली आणि पैसे शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. नंतर 'एक राज्य, एक गणवेश' आला. २०२४-२५ मध्ये कापड वरून, शिलाई बचत गटांकडून, आणि पावसाळा सरला तरी कित्येक शाळांतील मुले जुन्याच कपड्यांत. आलेल्यांपैकी अनेक मापात बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशाचे काम पुन्हा समित्यांकडे सोपविले. गावातील शिंप्याला मुलांची मापे ठाऊक असतात, हे समजावयास सात वर्षे लागली.

उपस्थिती भत्त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. अनुसूचित जाती, जमाती व भटक्या-विमुक्तांपैकी गरीब घरांतील मुलींना पहिली ते चौथीपर्यंत हजेरीच्या दिवसाला एक रुपया, ही योजना १९९२ ची. तीस वर्षे उलटली तरी रुपया रुपयाच राहिला. त्यासाठी लागणारे कागद मात्र वाढले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. खोट्या पटाचा रोग या राज्यात खराच होता. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा अनुदान व पदे यांसाठी फुगविलेले पट उघडे पडले. सार्वजनिक पैशाची अशी लूट होत असता समाजवाद्यांनी तपासणीला विरोध करावा, असे मी म्हणणार नाही. परंतु त्या पडताळणीत काय केले होते? अधिकारी शाळेत गेले आणि त्यांनी मुले मोजली. शासनाला मुले मोजता येतात. लबाडी केली संस्थाचालकांनी, आणि आपले मूल खरे आहे हे सिद्ध करण्याचा भार आला शेतमजूर पालकांवर, याला तपासणी म्हणता येत नाही. खर्च शासनाच्या खात्यातून उचलून नागरिकाच्या खात्यात टाकला, एवढेच झाले. तेथे त्याची नोंद ठेवणारा कोणी नसतो.

आता थोडे आपल्याविषयी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, वंचित घटकांना प्रमाणात स्थान असावे, हे कायद्यात लिहिलेले आहे. समितीने शाळेचा विकास आराखडा करावयाचा, अनुदानाचा विनियोग पाहावयाचा. खेड्यातल्या भूमिहीन बाईला सार्वजनिक पैशावर देखरेख ठेवण्याचा इतका थेट अधिकार देणाऱ्या तरतुदी आपल्या कायद्यांत थोड्याच आहेत. आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी या समितीच्या सभेला पाऊल ठेवले आहे? अनुदानासाठी मोर्चे आपण काढले, खासगीकरणाविरुद्ध ठराव केले, आणि ते योग्यच होते. पण आपली स्वतःची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसू लागली, तसे गावच्या शाळेच्या टेबलापाशी उभे राहण्याचे कारण आपल्याला उरले नाही. २०२४ मध्ये 'अपार' ओळखक्रमांकासाठी पालकांकडून संमतीपत्रके घेण्यात आली. संमती मागितली जाते त्याअर्थी ती नाकारताही येते, हे सांगावयास त्या टेबलापाशी कोणी नव्हते. आमच्या गावातही पालकांनी अंगठे उठविले, आणि मी त्या आठवड्यात पुण्याला एका परिसंवादात होतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. समितीने कलम ५ चा उल्लेख करून ठराव केला आणि तिला त्याच दिवशी तिसरीच्या वर्गात बसविले. दाखल्यासाठी पत्रव्यवहार शाळेनेच केला. तिकडच्या शाळेने नाव सोडावयास दिवाळी उजाडली. तोवर तिला गणवेश नव्हता, कारण ती पटावर नव्हती. खिचडी मात्र मिळाली. स्वयंपाक करणाऱ्या बाई ताट पुढे आले की वाढतात, पट विचारीत नाहीत.

त्यानंतर आमच्या समितीने दोन गोष्टी केल्या. ऊसतोडीला निघणाऱ्या घरांची यादी दसऱ्याच्या आत करून मुलांना शिक्षण हमी कार्ड हातात द्यावयाचे, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखल्यावाचून बसता येते. आणि मागे राहणाऱ्यांची हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत पाठवावयाची. दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल. सभा पूर्वी सकाळी अकराला होत असे आणि पालक सदस्यांच्या सह्या मागाहून घरोघर फिरून घेतल्या जात. ती आता आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी तीनला होते, कारण त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. मुख्याध्यापकांनी प्रथम कुरकुर केली, त्यांना तालुक्याला परतण्याची गाडी चुकते म्हणून. गेल्या सभेला नऊ बाया आल्या होत्या. त्यांपैकी एकीने उठून विचारले, की मागल्या वर्षीच्या शालेय अनुदानातून घेतलेले दोन पंखे कोणत्या वर्गात लावले आहेत. त्याचे उत्तर पुढच्या सभेत मिळावयाचे आहे.