चिन्हावर सूरजागडचा डोंगर काढायचा, तर कोणता?

परवा एटापल्लीत चहाच्या टपरीवर एकानं विषय काढला. राज्याला शेकरू आहे, हरियाल आहे, ताम्हण आहे, 2015 मध्ये ब्लू मॉरमॉन फुलपाखरूही ठरलं. मग आपल्या गडचिरोलीलाच एखादं अधिकृत चिन्ह का नको? दुसरा लगेच म्हणाला, "सूरजागडचा डोंगर टाका ना बाप्पा, झालं!"

झालं कसं? त्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, जानेवारीत माडिया लोकांची यात्रा भरते. त्याच डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक उतरतात. खाणीत कामाला लागलेल्या पोराच्या घरी डोंगर म्हणजे पगार, शेजारच्या घरी देव. 2016 च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथंच ट्रक जाळले, ते आठवलं की तिसऱ्या घरात अजून भीती. शिवाय डोंगर रोज कापला जातोय. चित्र काढायचं तर कोणत्या वर्षाच्या आकाराचं काढणार?

भाषणांत आपल्याला 'स्टील हब' म्हणतात. उद्या चिन्हावर पोलादाची भट्टी आली, तर ज्यांना खाण नको त्यांच्या लेकरांच्या दाखल्यावरही तीच छापली जाईल. वाद अजून चालू आहे, आणि निकाल मात्र शिक्क्यावर. म्हणून मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही.

माझं स्वतःचं मत मोहफुलाला होतं. देवालाही तेच, पोटालाही तेच. घरी बोललो तर दारूबंदीसाठी गावोगाव फिरलेली माझी मावशी उसळली, "1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी, अन् तू शाळेच्या पाटीवर मोहफूल काढतोस?" आता मोह म्हणजे फक्त दारू नव्हे, हे मावशीलाही माहीत आहे. पण तिचा मुद्दा मला खोडता आला नाही. कोलामार्काची रानम्हैस सुचवावी, तर छत्तीसगडनं रानम्हशीला आधीच राज्यप्राणी केलंय. आणि आपल्यातल्या किती जणांनी ती पाहिली?

उत्तर आयर्लंडमध्ये दोन गटांचं वैर इतकं, की कोणाचा झेंडा लावायचा यावरून दगडफेक होते. तिथल्या विधानसभेनं चिन्ह घेतलं जवसाच्या फुलांचं. हो, आपण चटणी करतो तीच जवस. सहा परगणे, म्हणून सहा फुलं. जवसाच्या धाग्याच्या कापडावर तिथं दोन्हीकडच्या लोकांची घरं चालली होती. भांडणं त्यानं मिटली नाहीत. पण निदान त्या फुलावरून कोणी भांडत नाही.

आपल्याकडे तसं काय आहे? मला धानाची लोंबी दिसते. आरमोरी-देसाईगंजची बांधी, भामरागडचा माडिया, सिरोंच्याचा तेलुगू बोलणारा शेतकरी, मुलचेऱ्यात वसवलेले बंगाली. रोवणी सगळ्यांकडे. कोणी म्हणेल, धान तर भंडारा-गोंदियाचंही आहे. असू द्या की. ते तर काही भांडायला येत नाहीत.

पण हे माझं मत झालं, आणि चिन्ह एकट्याच्या मतानं किंवा मुंबईतल्या बैठकीत ठरू नये. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं मेंढा (लेखा) आपल्याच जिल्ह्यातलं. तिथं ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते, एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसते. चिन्हासाठी तसं बसायला काय हरकत आहे? वेळ लागेल. लागू द्या.

धानोरा, कुरखेडा, अहेरीकडची मंडळी, तुमच्या गावात लोंबी चालेल का? की तिच्यावरही कोणी मावशी उसळेल?