विश्लेषण : पुण्याच्या टेकड्यांवर सायकलवाटा का आखायला हव्यात?

टेकडीवर पायी फिरणारे आणि माउंटन बाइक घेऊन जाणारे यांच्यातले खटके आता पुण्यात नेहमीचे झाले आहेत. एक बाजू बंदी मागते, दुसरी बाजू मोकळीक मागते. या भांडणात टेकडीचे हित मात्र कुणी विचारात घेत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पाच दिवस, सुमारे ४३७ किलोमीटर. त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले, चौक सजले आणि ‘सायकलींचे शहर’ ही जुनी ओळख पुन्हा सांगितली गेली. ती शर्यत डांबरी रस्त्यावरची होती. या शहरात सायकलचा आणखी एक प्रकार वर्षानुवर्षे रुजला आहे. तो डांबर सोडून टेकडीची पायवाट धरतो. त्याच्यासाठी ना धोरण आहे, ना फलक, ना नियम.

माउंटन बायकिंग म्हणजे नेमके काय?

जाड आणि खाचांचे टायर, धक्के झेलणारे सस्पेन्शन, खडा चढ चढवणारे हलके गिअर असलेली सायकल घेऊन मातीच्या, दगडगोट्यांच्या वाटेवरून जाणे म्हणजे माउंटन बायकिंग. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस परिसरात काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागले. तिथून हा खेळ वाढला आणि १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पोहोचला. पायी फिरणारे विरुद्ध सायकलवाले हा वादही त्याच डोंगरावर पेटला आणि अनेक दशके चालला. त्यामुळे पुण्यात जे घडते आहे ते जगावेगळे नाही.

पुण्यात या वाटा कुठे आहेत?

शहराच्या मध्यावर वेताळ टेकडी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी शहरातले सर्वांत उंच ठिकाण. पाषाण-पंचवटी, गोखलेनगर, लॉ कॉलेज रस्ता, कोथरूड अशा चहूबाजूंनी तिच्यावर वाटा चढतात. माथ्यावर सपाटी, जुनी दगडखाण आणि गवताळ उतार असल्याने नवख्यालाही इथे सायकल चालवता येते. दक्षिणेला तळजाई-पाचगाव पर्वतीचे वन आहे, पश्चिमेला बाणेर, पाषाण, बावधनच्या टेकड्या. शहराबाहेर पडले की बोपदेव घाट आणि कानिफनाथचा परिसर, तळेगावच्या वाटेवर घोराडेश्वरचा डोंगर. कात्रज ते सिंहगड ही रात्रीच्या चालीसाठी प्रसिद्ध असलेली वाट मात्र सायकलला सोसणारी नाही. तिथे बराच वेळ सायकलच खांद्यावर घ्यावी लागते.

यातली एकही वाट सायकलसाठी आखलेली नाही. गुराख्यांनी, सरपण गोळा करणाऱ्या बायकांनी, देवदर्शनाला जाणाऱ्यांनी आणि सकाळी फिरणाऱ्यांनी पाडलेल्या या मळवाटा आहेत. सायकलस्वार त्यावर सर्वांत शेवटी आले, याचे भान त्यांनीही ठेवायला हवे.

वाद कशाचा आहे?

तक्रारी दोन आहेत. पहिली सुरक्षेची. वळणावरून अचानक वेगात सायकल येते आणि सत्तरीतले आजोबा दचकून बाजूला होताना पडतात. ही भीती खरी आहे. पायी चालणाऱ्याला टेकडीवरही मागे वळून बघत चालावे लागणार असेल, तर तिथे आणि रस्त्यावर फरक काय राहिला? दुसरी तक्रार टेकडीची झीज होत असल्याची. नव्या वाटा पडतात, गवत तुडवले जाते, टिटवी, चंडोल यांसारख्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा आक्रसते, असे निसर्गप्रेमी सांगतात.

सायकलस्वारांचेही म्हणणे आहे. रस्त्यावर बस आणि डंपरच्या शेजारून सायकल चालवणे जिवावरचे झाले आहे. मुलांनी मोबाइल सोडून घाम गाळावा, असे सगळेच म्हणतात. मग ती टेकडीवर आली की त्यांना हटकायचे का?

चाकांमुळे टेकडी झिजते का?

झिजते. पण चाकच तेवढे दोषी, हे खरे नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोंटानामधील अभ्यासात, चाकांपेक्षा घोड्यांचे खूर आणि माणसांची पावले अधिक माती सुटी करतात, असे दिसले. २००१च्या कॅनडातल्या अभ्यासात चालणारे आणि सायकलवाले यांचा वनस्पती व मातीवरचा परिणाम साधारण सारखाच आढळला. तिथली माती आणि तिथला पाऊस वेगळा, म्हणून हे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावू नयेत. पण त्यातून मिळणारा धडा उपयोगी आहे. कोण चालतो यापेक्षा वाट कशी जाते, याला महत्त्व जास्त.

पुण्याच्या टेकड्या बेसॉल्टच्या आहेत. खडकावर मुरमाचा आणि मातीचा पातळ थर असतो. उताराच्या सरळ रेषेत खाली येणारी वाट पावसाळ्यात पाण्याचा पाट होते. दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते, मग लोक शेजारून दुसरी वाट पाडतात. मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसटत नेले की ओघळाला आयती सुरुवात मिळते. ओल्या मातीत तर एकाच फेरीत खोल चाकोरी उमटते.

यावर उपाय माहीत आहेत. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेने वाटा आखण्याचे साधे नियम रूढ केले. वाट उताराला आडवी घ्यावी. तिचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी १० टक्क्यांच्या आसपास राहावा. बाहेरची कड किंचित कलती ठेवावी, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता आडवे निघून जाते. अशी वाट चालणाऱ्यालाही सोपी पडते.

कायदा काय म्हणतो?

इथे गुंता आहे. टेकड्यांचा काही भाग वन विभागाकडे, काही महापालिकेकडे, बराचसा खासगी मालकीचा आहे. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम २६ नुसार गुन्हा ठरतो. सकाळी फिरणाऱ्यांकडे प्रशासन समजुतीने पाहते, सायकलस्वारांबाबत तशी समजूत नाही. महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांच्या हद्दीतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैववैविध्य उद्यानासाठी, म्हणजे ‘बीडीपी’साठी राखीव आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये हे आरक्षण कायम केले, भूसंपादन मात्र रेंगाळले. ज्या जमिनीला धड राखणदार नाही, तिथे राडारोडा आधी पोहोचतो आणि बांधकाम नंतर.

मग करायचे काय?

सरसकट बंदी कागदावरच राहील. एवढ्या वाटांवर पहारा ठेवायला माणसे नाहीत. बंदी झाली की नियम पाळणारे घरी बसतील आणि न पाळणारे मोकाट सुटतील. म्हणून मोजक्या वाटा ठरवून देणे हाच शहाणपणाचा मार्ग.

प्रत्येक मोठ्या टेकडीवर एक-दोन वाटा सायकलसाठी निश्चित कराव्यात, त्यावर फलक लावावेत आणि बाकी सर्व वाटा फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. सकाळी व संध्याकाळी गर्दीच्या वेळी सायकल बंद ठेवावी. जोराच्या पावसानंतर वाट वाळेपर्यंत कुणीही सायकल नेऊ नये. घंटी सक्तीची हवी आणि पहिला हक्क नेहमी चालणाऱ्याचा. मोटरच्या सायकली आणि दुचाकींना मज्जाव हवा. गवताळ पट्ट्यांत नवी वाट पाडणाऱ्याला दंड व्हावा. वाटांची डागडुजी सायकल गटांनी वन विभागाच्या देखरेखीखाली श्रमदानाने करावी. सवलत हवी असेल तर घमेले-फावडेही हाती घ्यायला हवे.

उड्या आणि वेगाची हौस असलेल्यांसाठी वेगळी जागा लागेल. वाघोली, मोशी परिसरात दगडखाणींनी डोंगर पोखरले आहेत. त्यातली बंद पडलेली एखादी खाण सुरक्षित करून तिथे सायकल उद्यान उभारता येईल. जिथे जमीन आधीच ओरबाडली गेली आहे, तिथे टायरने आणखी काय बिघडणार?

महागड्या सायकली फिरवणाऱ्या मूठभरांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न येईल. उत्तर अलीकडच्या इतिहासात आहे. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरच्या रस्ता आणि बोगद्याच्या प्रस्तावांविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. ते आले, कारण त्यांच्या पायाला टेकडीची सवय होती. टेकडी ज्यांच्या रोजच्या जगण्यात असते, तेच तिच्यासाठी उभे राहतात. आज सोळाव्या वर्षी वेताळच्या चढावर धापा टाकणारी मुले उद्या त्या मोर्चात हवी असतील, तर त्यांना हुसकावून चालणार नाही. त्यांना एक वाट द्यावी आणि तिची जबाबदारीही.