काळ्या काचा, चांदीचा थर आणि नियम १००

मोटारीच्या काचांवरील काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालाने मज्जाव केला. फिल्म किती प्रकाश आत सोडते, हा मुद्दाच न्यायालयाने गैरलागू ठरविला. फिल्मच नको, असे बजावले. गाडीतील व्यक्ती बाहेरून दिसावी, गुन्हेगाराला काळोखाचा आडोसा मिळू नये, हा हेतू रास्तच होता. प्रश्न उरला तो उन्हाचा.

सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते. केवळ रंग दिलेली फिल्म मुख्यतः दृश्य प्रकाश शोषते. साहजिकच काळोख पुष्कळ, गारवा बेताचाच. धातूच्या पातळ थराची किमया वेगळी. पारदर्शक ऑक्साइडच्या थरांमध्ये बसविलेला चांदीचा सुमारे १० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतका थर बराचसा प्रकाश आत सोडतो आणि अवरक्त किरण परतवितो. इमारतींच्या काचांसाठी हे तंत्र केव्हाच रुळले आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७०, तर बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या नियमात 'सेफ्टी ग्लेझिंग'ला स्थान दिले. तिच्याच आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा पाळणाऱ्या फिल्मना परवानगी असल्याचा निर्वाळा दिला.

येथेच ग्राहकाची फसगत होऊ शकते. मर्यादा काच आणि फिल्म या दोन्हींची मिळून आहे. मूळ काच ७५ टक्के आणि फिल्म ७० टक्के प्रकाश सोडत असेल, तर आत येतो तो साधारण साडेबावन्न टक्केच! बाजूच्या काचेला हे चालेल, पुढच्या काचेला नाही. '९० टक्के उष्णता रोखते' हा दावाही अनेकदा केवळ अवरक्त किरणांपुरता असतो. आत येणारा दृश्य प्रकाशही शेवटी आसनांवर पडून उष्णताच होतो.

शिवाय रस्त्यावरील तपासणी नजरेच्या अंदाजावर चालली, तर पारदर्शक धातूची फिल्म सुटेल आणि कारखान्यातूनच गडद आलेली वैध काच अडकेल. टक्केवारी मापकयंत्रानेच ठरू शकते. आणि एक अडचण पोलिसांच्या कक्षेबाहेरची: धातूचा थर रेडिओलहरीही अडवितो. पुढच्या काचेवर तो असल्यास फास्टॅगचा संदेश क्षीण होऊन टोलनाक्यावर खोळंबा होऊ शकतो.