बांधाचा तंटा आणि युरोपचा वणवा

बांधावरून दोन भाऊबंद भांडतात, दोहोंचे सोयरे काठ्या घेऊन धावतात आणि सारा गाव रक्तबंबाळ होतो. युरोपात १९१४ साली हेच झाले. २८ जून रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिन्याने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले. सर्बियाच्या पाठीशी रशिया, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी, रशियाच्या पाठीशी फ्रान्स. जर्मन फौज बेल्जियममध्ये शिरताच ४ ऑगस्टला इंग्लंडही उतरले. ‘शेजारी आधी सज्ज झाला तर आपण बुडालो’, या भयाने कोणीच थांबेना. तंटा तिकडचा, परंतु हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली, त्यांत साताऱ्याच्या कुणब्यांची पोरेही होती. त्यांना कोणी विचारले होते काय? बंधूंनो, राज्यकर्ते मानापानाची भाषा बोलू लागले की आधी विचारा: मरणार कोणाची मुले?